शिळेतला ळ

आमच्या दुकानात आजवर सगळ्यात जास्त वेळा कोरला गेलेला शब्द कुठला, तर तो देवाचा नाही. तो आहे ‘शुभहस्ते’. पंचवटीत आमचं काम वडिलांपासूनचं. कोनशिला, देणगीदारांचे फलक, समाध्यांवरची नावं, बंगल्यांच्या पाट्या. वडील संगमरवरात छिन्नीनं अक्षर खोदायचे, खाचेत बारीक भोकं पाडून शिसं ठोकायचे आणि वरून घासून सपाट करायचे. अशा जुन्या पाटीतलं शिसं निघालं की खाचेच्या तळाशी ती भोकं दिसतात. आता मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो, प्लॉटर स्टिकर कापतो, तो ग्रॅनाइटवर चिकटवून कॉम्प्रेसरच्या हवेनं त्यावर खर, म्हणजे कडक बारीक कण, मारायची आणि खड्ड्यात सोनेरी रंग भरायचा. अक्षर मात्र अजून मीच तपासतो. निदान तपासतो असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी सिन्नर तालुक्यातल्या एका गावातून सरपंच, एक निवृत्त सुभेदार आणि सोसायटीचे चेअरमन असे तिघं आले. गावातला एक पोरगा तोफखान्यात होता, उत्तरेत बर्फाखाली गेला. गावाला त्याचं स्मारक करायचं होतं. गावाचं आणि त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना आधीच पुष्कळ माणसं भेटून गेली आहेत.

सरपंचांनी मोबाइलवर दुसऱ्या एका गावाचं स्मारक दाखवलं. चौथरा, त्यावर सिमेंटची उलटी रायफल, रायफलवर हेल्मेट. दिल्लीला इंडिया गेटखाली २६ जानेवारी १९७२ रोजी अमर जवान ज्योत पेटली, तिथली ही खूण. तेव्हापासून ती गावोगाव पोचली आहे, आणि आता फायबरमध्ये तयार मिळते. सुभेदार म्हणाले, “आमचा पोरगा गनर होता. रायफलवाला नव्हता.” मग तोफेचं मॉडेल करू असं निघालं, मग तोफ कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायची यावर चर्चा झाली (एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला मारुती), आणि तोफ रद्द झाली. मला बरंच वाटलं. आमच्याकडे देवळालीच्या रेंजवरून सरावाचे बार ऐकत पोरं मोठी होतात. तोफ कशी असते ते त्यांना फायबरमधून सांगायची गरज नाही.

जागा बघायला मी गावात गेलो, आणि खरं सांगायचं तर तिथं माझं काम कमी आणि बघणंच जास्त झालं.

मारुतीच्या पाराजवळ एक वीरगळ आहे. कमरेइतकी उंच शिळा, खालचा भाग जमिनीत गेलेला, वर शेंदराचे थर. गावात तिला कोणी म्हसोबा म्हणतं, कोणी नुसतंच ‘देव’. शेंदराखालून चौकटी बोटांना लागत होत्या. अशा शिळा आपल्याकडे जागोजागी आहेत आणि त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. सगळ्यात खाली पडलेला वीर. शेजारी गाई असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो मेला. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई. त्यावर अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. गोष्ट खालून वर वाचायची. बहुतेक वृत्तांत वरून खाली येतात, हा जमिनीपासून निघतो. शब्दच मुळात कानडी वळणाचा आहे, ‘कल्लु’ म्हणजे दगड, वीराचा दगड तो वीरगळ. कर्नाटकातल्या कित्येक वीरगळांवर लेख सापडतात. आपल्याकडच्या बहुतेकांवर एक अक्षर नाही. म्हणजे तो कसा मेला ते दगड सांगतो, कोण होता ते सांगत नाही. गावाला माहीत होतं म्हणून लिहिलं नसेल. नंतर ते ‘माहीत असणं’ संपलं आणि माणसाचा म्हसोबा झाला.

दुसरी शिळा जुन्या चावडीच्या भिंतीत. चावडीत आता सोसायटीच्या खताच्या गोण्या असतात. दाराशेजारी हातभर लांबीची संगमरवरी पाटी, तिच्यावर दर दिवाळीला भिंतीबरोबर डिस्टेंपर आणि कधीतरी ऑइलपेंट बसलेला. मजकूर इंग्रजी. त्याचा अर्थ असा: या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. हाच मजकूर, याच शब्दांत, देशभर गावोगाव लावलेला आहे. बदलायचे ते फक्त दोन आकडे. माझ्या धंद्याच्या नजरेनं हे मोठ्या ऑर्डरचं काम आहे: मजकूर एकदाच मंजूर, गावागणिक आकडा टाका आणि पाठवा.

गावातल्या निवृत्त गुरुजींनी मला त्यात चूक दाखवली. “युद्ध अठरा साली संपलं, कोरणाऱ्यानं एकोणीस केलं.” कोरणाऱ्याच्या वतीनं मला बोलणं भाग होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये गोळीबार थांबला, तह व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला, आणि कागदोपत्री तिथं युद्ध संपलं. या बाबतीत कोरणारा निर्दोष. गुरुजींना फारसं पटलं नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या आकड्यात होती. गेले किती, तर २१, ते स्पष्ट दिसत होतं. मेले किती, तर एक उभी रेघ. गाव पिढ्यानपिढ्या सांगत आलं होतं की आपला एकच माणूस लढाईत गेला. मी सवयीनं बोट फिरवलं तर रेघेच्या डावीकडे रंग किंचित बसलेला लागला. खाच बुजली की रंग तिथं दबतो. पिशवीत पातळ कागद होता. तो पाटीवर धरून वरून पेन्सिल आडवी घासली. उभ्या रेघेला आधी एक तिरकी आली आणि मग एक आडवी. इंग्रजी चार. चेअरमन गोण्यांवर बसून बघत होते, ते उठून जवळ आले. म्हणाले, “म्हणजे तीन माणसं आम्ही रंगवून टाकली की हो.”

चार माणसांची नावं गावात कोणालाही सांगता आली नाहीत. माझा भाचा कॉलेजात आहे. त्यानं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी नेटवर धुंडाळल्या. त्या नोंदींत हिंदुस्थानी शिपायाच्या नावाखाली बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. जिल्हा ‘नासिक’ असाच लिहिलेला. गावाचं नाव साहेबाच्या कानातून कागदावर उतरलेलं, त्यामुळे ते दहा तऱ्हांनी शोधावं लागतं. एक नोंद आमच्या गावाची निघाली. बसऱ्याच्या स्मारकाची.

बसरा मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली, त्यातल्या ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. मराठा पलटणींचा मोठा हिस्सा मेसोपोटेमियात होता. तिथल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, घोड्यांचं मांस खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. १३ हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले, म्हणून तर ते ‘अपशिंगे मिलिटरी’. आमच्या गावचे चार त्यापुढे थोडेच, पण चार घरांना ते थोडे नव्हते.

बसऱ्याच्या स्मारकाची हकिगत मी कोरणारा म्हणून वाचली आणि माझं डोकं फिरलं. ४० हजारांवर माणसांचं ते स्मारक, १९२९ मध्ये उघडलं. ब्रिटिशांची नावं कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदुस्थानी शिपायांसाठी पलटणीचं नाव लिहून खाली संख्या टाकली. नावं वहीत ठेवली. म्हणजे नावं नव्हती असं नाही, होती आणि भिंतीवर घेतली नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानंच अहवाल काढून कबूल केलं की अशी निदान ४५ ते ५४ हजार माणसं, मुख्यतः आशिया-आफ्रिकेतली, बरोबरीनं स्मरली गेली नाहीत, आणि आणखी लाखाहून जास्त माणसांचं नावच कुठं नोंदलं गेलं नाही. माफीही मागितली. हजारो नावं कोरायची म्हणजे किती दिवस, किती हात लागतात ते मला कळतं. पण जी हजारो कोरली ती कोरलीच ना?

आता त्या एका सापडलेल्या नावाचं काय करायचं? गाव म्हणालं, नव्या शिळेवर सगळ्यात वर घाला. मी लिहायला बसलो आणि अडलो. नाव रोमन लिपीत, मधे एक ‘एल’. मूळ ल होता की ळ? त्याच्यापुढचा ‘ए’ ऱ्हस्व की दीर्घ? सगळ्या तऱ्हा लिहून बघितल्या तर चार वेगवेगळी माणसं तयार झाली. बापाच्या नावाचंही तेच. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत किती फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको, आणि रोमनमधून परत येताना तो फरक वाटेत सांडतो. अंदाजानं नाव कोरायचं नाही, हा वडिलांचा नियम. शेवटी ठरलं की चावडीतली जुनी पाटी अलगद काढायची, रंग उतरवायचा आणि नव्या चौथऱ्याच्या पुढच्या अंगाला बसवायची, २१ आणि ४ दोन्ही आकडे वाचता येतील अशी. पाटी मी स्वतः साफ केली. रंगाचे थर मोजायला सुरुवात केली होती, सातव्यानंतर सोडून दिलं.

एवढं सगळं शहाणपण ळ आणि ल बद्दल मी गावाला ऐकवलं. आणि पुढची चूक मीच केली.

ती सांगण्याआधी मजकुराची भांडणं. पहिलं भांडण ‘शहीद’ वरून. सुभेदार म्हणाले, लष्कर हा शब्द वापरत नाही. ते बरोबर आहे, सरकारनं संसदेतही सांगितलंय की ही अधिकृत संज्ञा नाही. तरुण मंडळाला ‘शहीद’च हवा होता, बॅनरवर तोच होता. गुरुजींना ‘हुतात्मा’. कोणीतरी ‘धारातीर्थी पडले’ सुचवलं. शब्द देखणा आहे, पण तो तलवारीच्या धारेचा. बर्फात गाडल्या गेलेल्या पोराला तो कसा लावायचा? मग एकानं हळूच विचारलं की लढताना नाही ना गेला, मग वीरमरण तरी म्हणायचं का? सुभेदार काही बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. तो विषय तिथंच संपला. ‘देशसेवेत वीरमरण’ असं ठरलं.

दुसरं भांडण अर्थातच ‘शुभहस्ते’. कच्च्या मजकुरात उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि सौजन्य मिळून चौदा नावं होती. मी आराखडा काढून दाखवला: शिळा चार फूट बाय अडीच, त्यात पोराच्या नावाला दीड इंचाचं अक्षर येतं आणि पाहुण्यांना सव्वा. सरपंच माणूस चांगला. त्यांनी कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “आमचं मागं टाका.” तसं केलं. चौदा नावांचा वेगळा छोटा दगड चौथऱ्याच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून. त्यामुळे पुढे पोराचं नाव तीन इंचांचं झालं.

उंचीचा प्रश्न मी काढला. अशा शिळा लोक डोक्याच्या वर बसवतात, फोटोत छान येतात म्हणून. मला दर वेळी आमच्या नाशिकची पांडवलेणी आठवतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ओवरीतल्या भिंतीवर, गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. खरं तर तो लेणं दान दिल्याचा लेख. पण बाईनं त्यात आपला गेलेला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, ओळींमागून ओळी सांगितला आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्यानं क्षहरात या शक घराण्याचा वंश नि:शेष केला. आणि या सगळ्या पराक्रमात एक शब्द येतो, ‘अविपनमातुसुसूसाकस’, आईच्या सेवेत कधी खंड न पाडणारा. राजमाताच ती, तिनं ते कोरून घेतलं. दगड आपला काळा बसाल्ट, अक्षरं हातानं खोदलेली, जवळजवळ १९०० वर्षं झाली. गिऱ्हाईक जेव्हा विचारतं, “किती वर्षं टिकेल?”, तेव्हा मी म्हणतो, अक्षराचं विचारू नका, रंगाचं विचारा, रंग पाच-सहा वर्षं. पण तो लेख मान वर करून वाचावा लागतो. पोराची आई बुटकी आहे. चौथरा दीड फूट, त्यावर शिळा किंचित मागे कललेली, आणि नावाची ओळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर. चौथरा इथल्याच काळ्या दगडाचा, शिळा काळ्या ग्रॅनाइटची, जो आपल्याकडे कर्नाटक-तेलंगणातून येतो. पॉलिश केलेल्या काळ्यावर सोनेरी अक्षर लांबून वाचता येतं, म्हणून तो.

तर माझी चूक. नावाचा कागद म्हणून माझ्याकडे त्याच्या नोकरीच्या एका कागदाची झेरॉक्स आली होती, हिंदी आणि इंग्रजी. इंग्रजीत ‘एल’, हिंदीत त्याचा ल. मी तोच मजकूर जुळवला. फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श आहे ना, ते मात्र नीट बघितलं. हिंदी वळणाचा ल माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देत नाही, याचा मला केवढा अभिमान! अक्षराचं वळण तपासलं, अक्षर तपासलं नाही. शिळा कोरून, रंग भरून, पुसून तयार झाली आणि पोराचे वडील, आप्पा, ती बघायला नाशिकला आले.

त्यांनी चष्मा लावला, शिळेसमोर उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं गहिवरले असतील. मग त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं पोराचं दहावीचं मार्कशीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आडनावात ळ.

“भाऊ, आमच्यात असं नाही लिहीत,” एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. वर आणि म्हणाले, “तिकडं त्याला सगळे असंच म्हणायचे. हिंदीवाले. तो घरी आल्यावर नक्कल करून दाखवायचा.”

ग्रॅनाइटमध्ये खोदलेलं बुजवता येत नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिश मारणारे आहेत, दोन पावसाळ्यांत ती उघडी पडते. नवी शिळा आणली, पैसे अर्थातच माझे. आणि एक सांगतो, ळ कोरायला ल पेक्षा अवघड आहे. त्याच्या दोन गोलांच्या आत स्टिकरची दोन छोटी बेटं राहतात. हवेचा जोर जास्त झाला की ती उडतात आणि ळ च्या जागी दोन खड्डे पडतात. तीन इंचांच्या अक्षराला तो धोका नाही, तरी त्या दिवशी नळी मी दुकानातल्या पोराच्या हातात दिली नाही. ळ च्या त्या दोन गोलांची खर मी शेवटी हातानं, छिन्नीनं साफ केली. गरज नव्हती.

शिळा बसली त्या दिवशी ताशा होता, शाळेची मुलं होती, तालुक्यातले माजी सैनिक पदकं लावून आले होते, आणि पाहुणे दीड तास उशिरा. ते सगळं तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेलं आहे. पडदा सरकल्यावर आई पुढे आली. तिला वाचता येत नाही. तिनं नावाच्या ओळीवर हात ठेवला आणि डावीकडून उजवीकडे फिरवत नेला. आप्पांनी तिचा हात धरून एका अक्षरावर आणला आणि कानात काहीतरी सांगितलं. ती दोन्ही गोलांवरून बोट फिरवत राहिली.

पहिली शिळा अजून माझ्या दुकानात आहे. मागची बाजू कोरी, उत्तम पॉलिश होईल अशी. ओट्यासाठी दगड शोधणारे दर महिन्याला एक-दोन जण तिच्यावर टकटक करून भाव विचारतात. विकायची नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी भाव वाढवतोय. तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलंय, आणि समोर नव्या पाट्या टेकवायला मी पोरांना मनाई केली आहे.